वरच्या अंगाचं पाणी

वस्तीत त्यांना सगळे नमुनाकाका म्हणत आणि त्यांना त्याचा राग येत नसे. माणूस खरोखरच नमुना होता. गेली अठरा वर्षं दर तीन महिन्यांनी तीच निळी टोपी घालून आणि तीच बर्फाची पेटी घेऊन ते यायचे, आणि बंद पडलेल्या कारखान्याच्या आसपास जमिनीत पुरलेल्या चार पाइपांची कुलपं उघडून पाणी काढायचे. हे पाणी कोणाला प्यायचं नव्हतं की झाडांना घालायचं नव्हतं. ते बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत जायचं. कारखान्यात पूर्वी यंत्रांचे सुटे भाग धुवायचे, आणि ते धुवायचं द्रावण जमिनीखालच्या टाकीतून वर्षानुवर्षं झिरपलं होतं. टाकी उपटून नेली, कारखाना भंगारात गेला, पण जमिनीत मुरलेलं काही उपटून नेता येत नाही. ते कुठवर पोचलंय एवढं बघत राहायचं. कागदोपत्री त्या पाइपांना निरीक्षण विहिरी म्हणत. विहीर म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. मनगट जाईल एवढं तोंड, वर झाकण आणि आत वीस मीटर अंधार.

कामाच्या बाबतीत काका म्हणजे निव्वळ छळ. नमुन्याच्या दिवशी गाडीत पेट्रोल भरायचं नाही, आदल्या दिवशीच भरून ठेवायचं, कारण हाताला पेट्रोल लागलं तर बाटलीतलं विष कारखान्याचं की पंपावरचं हे देवालाही सांगता येणार नाही. हाताला क्रीम नाही, अंगाला अत्तर नाही. पाइपात साचलेलं शिळं पाणी आधी तिप्पट उपसून पिंपात टाकायचं आणि जमिनीतलं ताजं पाणी आत आलं की मगच बाटली धरायची. बाटली काठोकाठ भरून उलटी करायची, टिचकी मारायची, आणि मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ती बाद, कारण द्रावण त्या हवेत उडून जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. ऑफिसात नमुने घेणारी आणखी एक बाई होती. चाळिशीची, हुशार, पण सदा घाईत, म्हणून काकांनीच तिचं नाव धांदल ठेवलं होतं. "अगं, तू बाटली भरतेस की सुटलेली बस पकडतेस?" असं तिला दहा माणसांत विचारायला ते कमी करत नसत. तीही काही कमी नव्हती. "काका, तुम्ही गेल्यावर तुमचाही नमुना घेऊन ठेवणार आहे मी," असं म्हणायची.

एक नंबरचा पाइप काकांच्या लेकीच्या अंगणात होता. म्हणजे पाइप आधी होता, लेक नंतर आली. दोन वर्षांपूर्वी बबी आणि जावई घर शोधत होते, तेव्हा हे घर त्यांना आवडलं. पण कारखान्याच्या इतक्या जवळ घर घ्यावं की नाही, त्यातून पिण्याचं पाणी घरच्याच बोअरचं, म्हणून बबीनं बाबांना विचारलं. काकांनी नकाशाच उलगडून दाखवला. त्यावर जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं ते दाखवणारा लाल बाण होता.

"हे बघ, पाणी तुझ्याकडून कारखान्याकडे जातं. तुझं घर वरच्या अंगाला. तिकडची घाण तुझ्याकडे यायची तर तिला चढ चढावा लागेल. बिनधास्त प्या."

एवढ्यावर घर झालं. बबीची आई ती नऊ वर्षांची असताना गेली होती, आणि तेव्हापासून बाबा म्हणतील ते तिला पुरत आलं होतं. आता तिला सातवा महिना चालू होता.

त्या दिवशी सकाळी काका नेहमीप्रमाणे आधी तिच्याकडेच आले, कारण सुरुवात स्वच्छ पाइपापासून करायची असते. या पाइपात फक्त पाणी किती खोल आहे ते मोजायचं होतं. इथं कधी काही निघत नाही तर उगाच बाटल्या कशाला, असं काकांनीच साहेबांना सुचवलं होतं, आणि त्यामुळे इथला नमुना दोन वर्षांतून एकदाच घ्यायचा असं ठरलं होतं. शेवटचा घेऊन दीड वर्ष झालं होतं. काकांनी टेप आत सोडली. टोक पाण्याला लागलं तशी ती पीं करून बोंबलली. पाइपाच्या काठावर कानशीनं केलेली छोटी खाच असते, त्या खाचेशी टेपवर जो आकडा दिसेल तो वहीत लिहायचा. काकांनी लिहिला. बाकी तिन्ही पाइपांतलं पाणी वर्षभर खाली खाली चाललं होतं, कारण गल्लीत नवी घरं झाली होती आणि प्रत्येकानं बोअर मारून घेतली होती. ह्या एकाच पाइपातलं पाणी जागचं हललं नव्हतं. आपल्या पोरीच्या अंगणातला पाइपही कसा गुणी, असं त्यांच्या मनात आलं आणि ते स्वतःशीच हसले.

मग ते पाणी प्यायला आत गेले.

बबीनं पेला भरून दिला. अर्धा पेला घशाखाली गेला असेल-नसेल, तोच काकांची नजर ओट्यावर गेली. खिडकीशी दीड वीत लांबीचा एक पांढरा प्लास्टिकचा पाइप उभा होता आणि त्यात डाव, उलथनं आणि दोन लाकडी चमचे खोचले होते.

"हे कुठनं आणलंस?"

"अहो, तुमचंच की! मागच्या वर्षी फाटक त्या पाइपाला अडायचं म्हणून तुम्ही वरचा तुकडा कापून नाही का दिलात? शेडमध्ये पडला होता. ह्यांनी परवा साफसफाई केली तेव्हा निघाला. धुऊन घेतला. छान झालंय ना स्टँड?"

काकांनी चमचे काढले आणि तुकडा हातात घेतला. वरच्या काठावर खाच होती आणि खाचेभोवती निळा रंग होता. अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच लावलेला.

त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला.

एखाद्याला वाटेल, दीड वीत पाइप कापला त्यात एवढं काय? तेच तर सगळं होतं. पाइप पुरला तेव्हा मोजणीवाल्यांनी येऊन त्या निळ्या खाचेची उंची नक्की केली होती, आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती. दर वेळी त्या उंचीतून पाण्याची खोली वजा करायची. जो आकडा येईल ती पाण्याची पातळी. चारही पाइपांची पातळी काढली की पाणी कुठून कुठे वाहतंय ते कळतं, कारण जमिनीखालीही पाणी उंचावरून खालीच जातं. नकाशावरचा लाल बाण या वजाबाकीतून निघाला होता. चौदा महिन्यांपूर्वी एका रविवारी फाटक अडतं म्हणून बबी कुरकुरली, आणि काकांनी करवत घेऊन पाइप कापून दिला. सवयीनं कापलेल्या काठावर नवी खाच पण केली. सोमवारी साहेबांना सांगून उंची नव्यानं मोजून घ्यायची हे डोक्यात पक्कं होतं. सोमवारी साहेब रजेवर होते. मंगळवारी विषयच राहून गेला. त्यानंतर पाच वेळा त्यांनी नव्या खाचेपासून मोजलं आणि जुन्या खाचेच्या उंचीतून वजा केलं. पाणी खाली गेलं होतं, मोजायची जागाही तेवढीच खाली आली होती, आणि वहीत सगळं जैसे थे दिसत होतं.

काकांनी खिशातली टेप काढून तुकडा मोजला. बत्तीस सेंटिमीटर भरला. उभ्या उभ्याच त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. बबीच्या पाइपातलं पाणी कारखान्याच्या पाइपापेक्षा वीस सेंटिमीटर उंच आहे असं वही म्हणत होती. त्यातून बत्तीस गेले.

बारा सेंटिमीटर खाली.

म्हणजे बाण उलटा होता. कारखान्याखालचं पाणी बबीच्या घराकडे येत होतं, आणि पाइपापासून बबीची बोअर पंधरा पावलांवर होती.

"बाबा, पाणी संपवा ना. अर्धंच प्यायलात."

काकांनी पेला ओट्यावर ठेवला. ते घाबरले होते. त्या द्रावणानं काय काय होतं याचा कागद त्यांनी धांदलकडून तोंडपाठ करून घेतला होता. यकृत, मूत्रपिंड, मज्जातंतू, आणि शेवटची ओळ गरोदर बायकांसाठी होती. वास नाही, चव नाही, रंग नाही. समोर त्यांची पोर पोटावर हात ठेवून उभी होती आणि विचारत होती की अजून थोडं देऊ का.

याच क्षणी सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण एक तर अजून खात्री नव्हती. पाणी तिकडून येत असलं तरी घाण इथवर पोचली असेलच असं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आणि दुसरं म्हणजे 'बबे, मी चुकलो' हे शब्द तोंडातून निघेनात. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली होती.

"बबे, दोन-चार दिवस हे पाणी पिऊ नका."

"का हो? काय झालं?"

"काही नाही गं. जंतूंचा जरा संशय आहे. बाहेरून कॅन मागवा."

"मागवते. तोवर उकळून घेते."

काकांनी तोंड उघडलं. उकळू नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं. जंतू उकळून मरतात, पण हे द्रावण उकळलं की वाफेबरोबर उडून घरभर होतं.

"बघ, लवकर कॅनच मागव," एवढंच म्हणून ते अंगणात आले.

मग त्यांनी नमुने घेतले. पाइपात नळी सोडली, शिळं पाणी उपसून पिंपात भरलं, ताजं यायची वाट पाहिली. पहिल्या दोन बाटल्यांत बुडबुडा राहिला, त्या बाद केल्या. स्वयंपाकघराचा नळ पंधरा मिनिटं सोडून ठेवला आणि तिथल्याही तीन बाटल्या भरल्या. "आज नमुनापण?" बबीनं विचारलं. "साहेबांनी सांगितलंय," ते म्हणाले. सकाळपासूनची ही दुसरी थाप. नमुन्यांवर लेबलं लावली, बर्फात ठेवली आणि गाडी काढली.

प्रयोगशाळा तासाभराच्या अंतरावर होती. वीस मिनिटं गेली असतील. सिग्नलला गाडी थांबली. कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या भिंतीतून एक नळी बाहेर आली होती आणि तीतून भसाभसा वाफ निघत होती. काका त्या वाफेकडे बघत राहिले. मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. उकळल्यानं काय होतं हे त्यांना आत्ता सुचलं अशातला भाग नव्हता. ते त्यांना ओट्यापाशीच माहीत होतं. माहीत असून ते गाडीत येऊन बसले होते.

त्यांनी बबीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग त्यांनी गाडी वळवली. जन्मात कधी सिग्नल न मोडलेल्या माणसानं त्या दिवशी दोन मोडले.

स्वयंपाकघराचं दार ढकललं तर आत काही दिसेना. समोर बांधकाम चालू होतं, धूळ येते म्हणून खिडक्या बंद होत्या, आणि शेगडीवर दोन मोठाली पातेली खदखदत होती. तिसरं पातेलं टेबलावर होतं. त्यावर बबी वाकली होती आणि तिच्या डोक्यावरून टॉवेल होता.

"बबे!"

तिनं टॉवेल बाजूला केला. चेहरा लालबुंद झाला होता. "अहो, केवढ्यांदा ओरडता! सर्दी झालीय दोन दिवस. पाणी उकळतेच आहे तर म्हटलं वाफ पण घेऊन टाकू."

काकांनी गॅस बंद केला. खिडक्या धाडधाड उघडल्या. एक उघडेना, तर तिची कडी उपटली. मग बबीला दंडाला धरून बाहेर अंगणात आणलं आणि पायरीवर बसवलं. जावई शाळेतून नुकताच आला होता, तो फाटकातच उभा राहिला.

"जंतू नाहीत," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "जंतूबिंतू काही नाहीत, बबे. मी खोटं बोललो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाइप, खाच, रविवार, सोमवार, बत्तीस सेंटिमीटर. जावई शाळेत गणित शिकवायचा. त्यानं वही मागून घेतली आणि तिथंच उभं राहून मागचं पान तपासलं. कुठेतरी हातचा विसरला असेल अशी त्याला आशा असावी. त्यानं दोनदा तपासलं.

"वजाबाकी बरोबर आहे," तो म्हणाला आणि वही परत दिली.

बबीनं विचारलं, "किती दिवस झाले?"

"पाइप कापून चौदा महिने. पाणी कधी फिरलं ते सांगता येत नाही. तुझ्या बोअरपर्यंत आलंय की नाही तेही माहीत नाही. नमुने घेतलेत."

"आणि हे तुम्हाला सकाळीच कळलं होतं."

"हो."

"आणि मी उकळते म्हणाले, तेव्हा तुम्ही 'बघ' म्हणालात."

बबी उठली, आत गेली आणि पाइपाचा तुकडा घेऊन आली. तो तिनं त्यांच्या हातात दिला.

"हा साहेबांकडे घेऊन जा. माझ्या घरात नको."

साहेबांकडे जाताना काकांनी मनात दहा वाक्यं जुळवली होती, पण प्रत्यक्षात त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा मी कापला आणि सांगितलं नाही." साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी नकाशा काढला, लाल बाणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काका, अहो, तुमच्या आकड्यांची आम्ही कधी फेरतपासणी पण करत नव्हतो." त्याच संध्याकाळी त्या गल्लीतल्या प्रत्येक घरी धांदल सूचनापत्र घेऊन गेली. पाणी पिऊ नका, उकळू नका, टँकर येईल. काकांना त्या जागेवरच्या कामातून काढलं. चौकशी संपेपर्यंत त्यांनी टेबलावर बसून फायलींना क्रमांक घालायचे होते.

नमुने तातडीत टाकले होते, तरी चार दिवस लागणार होते. ते चार दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. जेवण जात नव्हतं. पाण्याचा पेला तोंडाला लावला की वाफेत वाकलेली बबी दिसायची. फायलींवर त्यांनी एकाच क्रमांकाच्या तीन चिठ्ठ्या लावल्या. प्रयोगशाळेतल्या कारकुनाला ते दिवसातून इतक्यांदा फोन करत की शेवटी तो म्हणाला, "काका, यंत्र तुमच्या फोनवर चालत नाही हो." बबीला रोज सकाळ-संध्याकाळ फोन व्हायचा. जावई उचलायचा. ती बरी आहे, झोपलीय, असं सांगायचा.

चौथ्या दिवशी कागद आला. पाइपाच्या नमुन्यात द्रावण निघालं होतं. मर्यादा पाचची आणि इथे सतरा. त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. स्वयंपाकघराचा नळ: आढळलं नाही. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली आणि फोन लावला. या वेळी बबीनंच उचलला.

"बबे! तुझ्या नळात काही नाही! कागद आलाय माझ्या हातात. पाइपात आहे, पण नळात नाही!"

काकांनी फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"बबे? ऐकलंस ना?"

"नमुना कोणी घेतला होता, बाबा?"

"मी."

"मग दुसऱ्या कोणालातरी घ्यायला सांगा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला आता कसं कळणार हो?" आणि तिनं फोन ठेवला.

काका फोन हातात धरून बसून राहिले. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण त्यांना तिचं म्हणणं खोडून काढता येईना. ज्याला बाटलीतून अमुकच निघावं असं वाटतं त्यानं बाटली धरायची नाही, हे त्यांनीच धांदलला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. दोन बाटल्या बाद केल्या होत्या. नळाच्या बाटलीतही बारीकसा बुडबुडा राहिला असेल आणि त्यांनी नसल्यासारखं केलं असेल, तर? आता त्यांना स्वतःलाच शपथेवर सांगता आलं नसतं. ते उठून धांदलच्या टेबलापाशी गेले.

"माझ्या मुलीकडचे नमुने घेशील का? नळाचे आणि पाइपाचे, दोन्ही."

धांदलला चेष्टा सुचली असणार, पण तिनं ती केली नाही. "उद्या सकाळी जाते," ती म्हणाली. "आज पेट्रोल भरून ठेवते."

काकांना तिथं जायची परवानगी नव्हती, पण साहेबांनी एका कामासाठी पाठवलं. मोजणीवाले यायला अजून आठवडा होता. तोवर जुन्या खाचेपासून एकदा मोजून खात्री करायची होती. काकांनी कापलेला तुकडा नेला, पाइपाच्या तोंडावर ठेवला आणि हळूहळू फिरवला. करवत तिरकी चालली होती. एका जागी तो खटकन बसला, जिथला तिथं. काका गुडघे टेकून, दोन्ही हातांनी तो धरून बसले.

"हलवू नका," धांदल म्हणाली.

"नाही हलवत."

तिनं टेप सोडली, आकडा वाचला, पुन्हा सोडली, पुन्हा वाचला. मग तुकडा काढून नव्या खाचेपासून मोजलं. फरक बत्तीसचाच आला. वजाबाकी तिनं केली, काकांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर तिनं पाणी उपसलं. बाटल्या भरल्या, उलट्या केल्या, टिचक्या मारल्या. काका फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले होते. धांदल एका बाटलीला उजेडात धरून इतका वेळ बघत होती की त्यांना वाटलं, जाऊन बघावं. ते गेले नाहीत. तिनं ती बाटली बाद केली आणि नवी घेतली. ही बाई घाईत असते असं आपण इतकी वर्षं कशावरून म्हणत होतो, ते त्यांना आठवेना. खिडकीतून बबी बघत होती. तिनं धांदलला कॅनमधलं पाणी दिलं. मग जावयाच्या हाती एक पेला फाटकापाशीही आला.

हा कागद बबीच्या नावानं थेट तिच्या घरी जाणार होता. काकांनी कारकुनाला एकही फोन केला नाही. पाचव्या दिवशी दुपारी बबीचा फोन आला. ती कागद समोर धरूनच बोलत होती.

"पाइपाच्या पुढे अठरा लिहिलंय. नळाच्या पुढे 'आढळलं नाही'."

काकांनी भिंतीला पाठ टेकली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी येऊ दिलं.

"म्हणजे नाहीच ना, बाबा?"

गेली अठरा वर्षं हा प्रश्न त्यांना लोकांनी दारादारांत विचारला होता आणि प्रत्येकाला त्यांनी 'नाहीच' असं ठणकावून सांगितलं होतं. आताही जिभेवर तेच आलं होतं.

"म्हणजे त्यांच्या यंत्राला दिसेल एवढं नाही," ते म्हणाले. "त्याहून कमी असलं तर यंत्राला कळत नाही. तुझी बोअर पाइपाहून खोल आहे, म्हणून बहुतेक वाचली. बहुतेक. यापुढे मात्र ते पाणी प्यायचं नाही."

"आणि आधी प्यायलो ते?"

"ते मला माहीत नाही, बबे. आता कोणालाच कळणार नाही. प्यायलेलं पाणी तपासता येत नाही."

काळजी करू नकोस, काही होत नाही, मी आहे ना, अशी सगळी वाक्यं काकांच्या तोंडाशी आली आणि त्यांनी ती गिळली.

"त्या दिवशी ओट्यापाशीच असं बोलायचं होतंत," बबी म्हणाली.

"हो."

"सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. ह्यांच्या शाळेत परीक्षा आहे, ह्यांना जमणार नाही. तुम्ही चला. कुठलं पाणी, किती दिवस, त्यात काय, हे डॉक्टर विचारतील. मला ते आकडे सांगता येत नाहीत."

"येतो. मी सांगतो."

"सगळं सांगायचं, बाबा. वाफेचंपण."

"सगळं सांगतो."

फोन ठेवून त्यांनी वही काढली. कोरं पान उघडलं, वर सोमवार लिहिलं आणि डॉक्टरांना काय काय सांगायचं ते क्रमानं मांडायला घेतलं. चौदा महिने, सतरा, अठरा, घरच्या बोअरची खोली, ती वाफ किती मिनिटं घेतली असेल. मग ते थांबले. त्या सगळ्याच्या वर थोडी जागा शिल्लक होती. तिथं त्यांनी लिहिलं, 'पाइप मी कापला', आणि पुढे आपलं पूर्ण नाव घातलं.